भाषण किती मिनिटांचे?

मुंबईहून रेल्वेने चेन्नईला गेलेल्या बहुतेक मराठी माणसांनी आवडी पाहिलेले असते, पण सामान आवरण्याच्या गडबडीत. अरक्कोणम, तिरुवळ्ळूर मागे पडले की सेंट्रलच्या सुमारे वीस किलोमीटर आधी ते लागते. चेन्नईचे हे पश्चिमेकडचे उपनगर २०१९ पासून स्वतंत्र महानगरपालिका आहे. बाहेरच्यांना ते ठाऊक असते रणगाड्यांमुळे. १९६१ साली इथे अवजड वाहनांचा सरकारी कारखाना निघाला. 'विजयंता' इथे बनला आणि पुढे 'अजेय', 'भीष्म', 'अर्जुन' यांनीही इथलेच दार ओलांडले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी आर्मर्ड व्हेइकल्स निगमचे मुख्यालय आवडीत आले आणि आपल्या अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना त्या कंपनीखाली गेला. अंबरनाथच्या कामगाराला वरिष्ठांचा कागद आता आवडीहून येतो.

मला मात्र आवडीकडे नेले ते रणगाड्यांनी नव्हे, तर एका ठरावाने. जानेवारी १९५५ मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते उच्छंगराय ढेबर. देशाने 'सोशलिस्टिक पॅटर्न ऑफ सोसायटी'कडे जावे, असा ठराव तिथे झाला आणि पुढची कित्येक वर्षे तो प्रत्येक व्यासपीठावर घोळवला गेला. मराठीत आपण त्याला 'समाजवादी धर्तीची समाजरचना' म्हणू लागलो. ठरावाचे पुढे काय झाले, हा अर्थशास्त्राचा विषय आहे. माझा प्रश्न अगदी साधा आहे. हे शब्द तोंडाने म्हणायला किती वेळ लागतो?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण याचे उत्तर देणारी सॉफ्टवेअर हल्ली फुकट मिळतात. एका चौकटीत मजकूर चिकटवायचा, खाली 'सावकाश', 'मध्यम', 'जलद' यांपैकी काही निवडायचे, की भाषण किती मिनिटे-सेकंदांचे होईल ते दिसते. आतली यंत्रणा तिसरीतल्या मुलालाही जमेल अशी आहे. शब्द मोजायचे आणि मिनिटाला अमुक शब्द या दराने भागायचे. दर बहुतेकदा १०० ते १६० च्या दरम्यान असतो. म्हणजे हा भागाकार आहे, आणि भागाकारात चूक होत नाही. चूक होते ती कशाला भागायचे यात.

आवडीचाच शब्दप्रयोग घालून पाहा. इंग्रजीत चार शब्द. मिनिटाला १५० शब्दांच्या दराने १.६ सेकंद. मराठीत तीन शब्द, म्हणून १.२ सेकंद. यंत्राच्या मते मराठी माणूस समाजवाद पाव हिश्श्याने लवकर उरकतो. आता शब्द बाजूला ठेवा आणि तोंडाचे झटके मोजा, म्हणजे एका दमात निघणारे उच्चाराचे तुकडे. सो-शल-इस-टिक, पॅ-टर्न, ऑफ, सो-सा-य-टी: अकरा. स-माज-वा-दी, धर-ती-ची, स-माज-रच-ना: हेही अकराच. तोंडाला काम सारखेच पडले आहे. अख्खा मजकूर याच प्रमाणात असेल, तर ज्या भाषणाला यंत्र दहा मिनिटे म्हणते ते प्रत्यक्षात तेरा मिनिटांच्या पुढे जाईल. एका शब्दप्रयोगावरून नियम काढू नये हे खरे. पण दिशा चुकीची नाही.

कारण मराठीच्या बांधणीतच आहे. आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटवून लिहितो. 'घरातल्यांनासुद्धा' हा यंत्राच्या लेखी एक शब्द, आणि 'तो' हाही एकच शब्द. पहिल्याला सहा झटके लागतात, दुसऱ्याला एक. इंग्रजीत पहिल्याचे पाच-सहा सुटे शब्द झाले असते आणि सरासरी आपोआप सावरली असती. तमिळ, कन्नड, मल्याळम या भाषा तर चिकटवण्यात आपल्याही पुढे आहेत. आवडीतल्या तमिळ वक्त्याला हे यंत्र मराठी वक्त्यापेक्षा जास्त फसवणार.

ही फसगत कुणाला महाग पडते? वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलीला, जिची शेवटची घंटा उपसंहाराच्या आधीच वाजते. सूत्रसंचालकाला. आकाशवाणीवर दहा मिनिटांचे बातमीपत्र वाचणाऱ्याला, कारण पुढचा कार्यक्रम त्याच्यासाठी थांबत नाही. तीस सेकंदांच्या जाहिरातीचे मराठी रूप करणाऱ्याला. आवडीसारख्या केंद्र सरकारी वसाहतीत आणखी एक जमात आहे. सप्टेंबर आला की सरकारी कार्यालयांत हिंदी पखवाडा येतो आणि त्याबरोबर भाषणस्पर्धा. राजभाषेच्या नियमांत तमिळनाडू 'ग' क्षेत्रात आणि महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात मोडतो. तेव्हा बदलीवर आलेल्या मराठी कर्मचाऱ्याकडून सगळ्यांच्या अपेक्षा वाढलेल्या असतात. अशा स्पर्धेत विषय हाताळण्यापेक्षा वेळ पाळणे अवघड जाते, हे भाग घेतलेला कुणीही सांगेल.

शब्द टाकून अक्षरे मोजली तर? तेही सरळ नाही. संगणकाला देवनागरी अक्षर दिसते ते सुट्या चिन्हांच्या रूपात. 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, तोंडाला एक झटका. युनिकोडमध्ये मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे. चिन्हे मोजणारे यंत्र 'स्त्री'ला 'आई'च्या तिप्पट लांब ठरवील. जोडाक्षरे एक धरली तरी दुसरा पेच उरतो. आपण लिहितो ते सगळे 'अ' बोलत नाही. 'करवत' लिहिताना चार अक्षरे, बोलताना कर-वत असे दोनच तुकडे. खुद्द आवडीचे पाहा. तमिळ माणूस ते आ-व-डि असे तिन्ही अक्षरे उच्चारून म्हणतो. आपण आव-डी म्हणून दोन झटक्यांत गाव पार करतो. कुठला 'अ' गिळायचा याचे नियम मराठीत आहेत, पण ते अपवादांनी भरलेले आहेत. यंत्राला ते शिकवल्याशिवाय मराठीचे माप हाती येत नाही.

आणि मग आकडे! माझ्या मते सगळ्यात मोठी गंमत इथे आहे. '१.५' हा मजकूर घ्या. कुणी त्याला 'दीड' म्हणेल, एक झटका. कुणी 'एक पूर्णांक पाच दशांश' म्हणेल, सहा झटके. '१,२५,०००' हे बँकेतला माणूस 'एक लाख पंचवीस हजार' असे वाचतो आणि बाजारातला 'सव्वा लाख' म्हणून मोकळा होतो. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन ही आपली वेळ वाचवणारी जुनी सोय आहे, आणि कुठल्याही इंग्रजी वळणाच्या यंत्राला ती माहीत नाही. रेल्वेचे घ्या. डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे क्रमांक पाच आकडी झाले. १२१६३ हा क्रमांक 'एक दोन एक सहा तीन' असा म्हटला तर सहा झटके, 'बारा हजार एकशे त्रेसष्ट' म्हटला तर आठ. फलाटावरची घोषणा आकडे सुटे करून सांगते. त्यात ऐकणाऱ्याची सोय आहेच, पण सुटे आकडे एकदाच ध्वनिमुद्रित करून हवे तसे जोडताही येतात.

आकड्यांवरून आठवले. २०१९ च्या उन्हाळ्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना सोपे जावे हा हेतू परोपरीने समजावून सांगितला. टीकाकारांचे एक म्हणणे असे होते की यामुळे भाषा पसरट होईल. मोजून पाहिले तर 'एकवीस' आणि 'वीस एक' दोन्ही दोन झटक्यांचे आहेत. 'सत्त्याण्णव' तीन झटक्यांचे, 'नव्वद सात'ही तीनच. त्या वादातल्या बाकीच्या मुद्द्यांवर मी बोलत नाही, पण लांबीचा आक्षेप तरी टिकत नाही.

या सगळ्याला आपल्याकडे उपाय नव्हता असे समजू नये. उलट, उच्चाराची लांबी मोजण्याचे शास्त्र आपल्याकडे पिंगलाच्या छंदःसूत्रापासून आहे. लघूची एक मात्रा, गुरूची दोन. दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराच्या आधीचा आघात आलेला ऱ्हस्वही गुरू. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, 'छंदोरचने'त मराठी पद्याची अशी बारकाईने मोजणी केली की मुंबई विद्यापीठाने त्या ग्रंथाला डी. लिट. दिली. शाळेत आपण गण पाडायला कंटाळलो, कारण त्याचा उपयोग कुणी सांगितला नाही. उपयोग असा आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. या वृत्ताच्या एका चरणात चार य-गण, प्रत्येक पाच मात्रांचा, म्हणजे वीस मात्रा. श्लोकाच्या ऐंशी. श्लोक २०५, तेव्हा एकूण १६,४०० मात्रा. एका मात्रेला सेकंदाचा पाचवा भाग धरा. चोपन्न मिनिटे चाळीस सेकंद झाली. श्लोकांमधल्या थांब्यांची भर तुमच्या दमाप्रमाणे वेगळी. हा अंदाज करायला मजकूर कुठे चिकटवावा लागला नाही, एकही शब्द मोजावा लागला नाही. शब्द किती आहेत याच्याशी वृत्ताला देणेघेणेच नाही.

पद्यात हे जमते, कारण तिथे प्रत्येक 'अ' पुरता उच्चारायचा असा करार असतो. गद्यात तो करार नाही. म्हणूनच छंदशास्त्र जसेच्या तसे भाषणाला लावता येत नाही. पण तत्त्व तेच ठेवावे लागते. एकक शब्दाचे नव्हे, उच्चाराचे घ्यायचे.

तमिळनाडूत ही मराठी मोजणी एकदा गाजून गेली आहे, हे इथे सांगायलाच हवे. तंजावरला एकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. त्या दरबाराच्या आणि तिथे उतरणाऱ्या मराठी कीर्तनकारांच्या संगतीत तमिळ हरिकथा घडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग या आपल्या चाली आणि रचनाबंध तिथल्या भागवतरांनी उचलले. कथा तमिळ, निरूपण तमिळ, पण मध्येच दिंडीची ठेवण. कीर्तनकाराइतका वेळेचा पक्का वक्ता दुसरा नसतो. पूर्वरंग रंगला तर आख्यान आवरते घ्यायचे, श्रोते पेंगले तर पद वाढवायचे, आणि आरती ठरल्या वेळी. तो हे कुठल्याही पट्टीशिवाय करतो. त्याला आपल्या पदांची लांबी ठाऊक असते, आणि राहिलेला वेळ तो निरूपणात लांबवतो किंवा आखडतो.

उच्चाराची लांबी मोजण्याचे आजचे काम याच राज्यात, आवडीपासून तासाभराच्या अंतरावर चालले आहे. आयआयटी मद्रासमध्ये हेमा मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांतला मजकूर आवाजात बदलणाऱ्या यंत्रणा उभ्या केल्या. केंद्र सरकारच्या मदतीने अनेक संस्थांनी मिळून हा 'इंडिक टीटीएस' प्रकल्प केला. त्यात तेरा भाषा आहेत आणि मराठी त्यांपैकी एक. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणे हा त्याचा एक मोठा उपयोग. अशा यंत्रणेला मजकूर मिळाला की आधी आकडे, संक्षेप यांचे शब्द करावे लागतात. मग न उच्चारला जाणारा 'अ' गाळावा लागतो, मजकुराचे ध्वनी पाडावे लागतात आणि प्रत्येक ध्वनी किती मिलिसेकंद चालेल ते ठरवावे लागते. २०१९ साली आलेल्या 'फास्टस्पीच'पासून पुढच्या अनेक प्रणालींत हा काळ ओळखणारा वेगळा भागच असतो. याचा अर्थ लक्षात घ्या. बोलण्याची लांबी सांगणारे अचूक यंत्र तयार आहे, फक्त ते बोलक्या यंत्राच्या पोटात आहे. ते बाहेर काढून चौकटीत बसवणे हे शहाण्या विद्यार्थ्याचे काम आहे.

आयआयटी मद्रासला या कालमापनाची गरज आणखी एका ठिकाणी पडली. इंग्रजीत झालेली तांत्रिक व्याख्याने भारतीय भाषांत आणायची. प्राध्यापक फळ्यावर आकृती काढताहेत, वाक्य संपते तिथे खडू खाली येतो. त्या वाक्याचे मराठी भाषांतर लांबले, तर पुढची आकृती सुरू होते आणि आवाज अजून मागच्याच समीकरणात. अशा वेळी बोलणे पळवा, चित्र रेंगाळवा, नाहीतर भाषांतर छाटा. हाताने एकेक व्याख्यान असे बसवत बसणे परवडणारे नाही. या गटाने २०२२ साली अनेक भारतीय भाषांसाठी ही प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत मांडली. चेन्नईत चित्रपटांचे भाषांतरित आवाज भरणाऱ्या कलावंतांच्या पिढ्या हेच ओठांकडे बघत करत आल्या आहेत. त्यांना मिलिसेकंद माहीत नसतील, पण ओठ कधी मिटतात ते पक्के माहीत असते.

मराठीत किती झटके म्हणजे एक सेकंद? याचा जागतिक संदर्भ आहे. फ्रान्सच्या लियाँमधील फ्रांस्वा पेलेग्रिनो, क्रिस्तोफ कूपे आदींनी २०१९ साली सतरा भाषांची तुलना प्रसिद्ध केली. जपानी माणूस सेकंदाला सुमारे आठ अक्षरतुकडे उच्चारतो, थाई माणूस पाचेक. तरीही माहितीचा ओघ सगळीकडे सारखाच, सेकंदाला सुमारे ३९ बिट. जपानीच्या तुकड्यात माहिती कमी मावते म्हणून ती पळते, थाईच्या तुकड्यात जास्त मावते म्हणून ती सावकाश चालते. त्या सतरांत एकही भारतीय भाषा नाही. हे मला खटकते. दीडशे कोटींच्या देशातली भाषा मोजायला कुणाला लियाँहून यायची वाट का पाहायची?

अर्थात झटके मोजूनही माणूस मोजता येत नाही. १ फेब्रुवारी २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन अर्थसंकल्प वाचायला उभ्या राहिल्या. दोन तास बेचाळीस मिनिटे झाली, बरे वाटेनासे झाले आणि शेवटची दोन पाने न वाचता त्या खाली बसल्या. भारताच्या इतिहासातले ते सर्वांत लांब अर्थसंकल्पीय भाषण. शब्दांच्या हिशेबाने मात्र सर्वांत मोठे भाषण मनमोहन सिंग यांचे, १९९१ चे, १८,६५० शब्दांचे. त्याच्या खालोखाल अरुण जेटलींचे २०१८ चे, १८,६०४ शब्दांचे, आणि ते एक तास एकोणपन्नास मिनिटांत संपले. छापील प्रत आणि सभागृहात प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द यांत फरक पडू शकतो. तो धरूनही शब्द जास्त आणि वेळ कमी, असे होऊ शकते. विरोधकांचा गलबला, बाके वाजणे, मध्येच म्हटलेली कविता, पाण्याचा घोट यांचा हिशेब कुठली चौकट ठेवणार?

आवडीचा कारखाना निघाला तेव्हा संरक्षणमंत्री होते व्ही. के. कृष्ण मेनन. जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर ते दोन दिवसांत मिळून जवळपास आठ तास बोलले होते. त्यांना कुणी मिनिटे मोजणारे यंत्र दिले असते, तर त्यांनी ते परत पाठवले असते.

टीव्हीच्या बातमी कक्षांनी माणसाचा हा फरक कधीच ओळखला. असोसिएटेड प्रेसची 'ईएनपीएस', अॅव्हिडची 'आयन्यूज' यांसारख्या बातमी-प्रणालींत प्रत्येक वाचकाचा स्वतःचा वेग नोंदवता येतो. तीच बातमी एका निवेदिकेच्या नावाने चाळीस सेकंदांची दिसते आणि दुसऱ्याच्या नावाने छत्तीस. शब्दांवर चालणाऱ्या हिशेबातही एवढ्याने बराच सुधार होतो, कारण त्या माणसाचा वेग त्याच भाषेत मोजलेला असतो.

मराठीसाठी असे यंत्र येईतोवर काय करायचे? भाषण लिहिणाऱ्यांसाठी माझे सांगणे असे. आपल्याच लिखाणातले एक पान मोठ्याने, उभे राहून, सभेत बोलाल त्या आवाजात वाचा आणि घड्याळ लावा. आकडे अंकात लिहू नका, जसे बोलणार तसे अक्षरी लिहा. जिथे टाळ्या किंवा हशा अपेक्षित आहे तिथे जागा सोडा, आणि हशा आला नाही तर वेळ उरेल याचीही तयारी ठेवा. पाच मिनिटांच्या स्पर्धेला साडेचार मिनिटांचा मजकूर पुरे. स्पर्धा भरवणाऱ्यांनाही एक विनंती. नियमपत्रकात 'सुमारे इतके शब्द' असे छापता, ते काढून टाका. शब्दांची अट इंग्रजीतून आली आहे. मुलांना फक्त मिनिटे सांगा.

आणि मराठीच्या विभागांना, अभियांत्रिकी महाविद्यालयांना सांगायचे ते असे. 'इंडिक टीटीएस'मधील मराठी स्त्री आणि पुरुष आवाजांची ध्वनिमुद्रणे, त्यांच्या मजकुरासह, संशोधनासाठी मागता येतात. मजकूर आहे, त्याचा आवाज आहे, म्हणजे प्रत्येक वाक्याला लागलेला वेळही आहे. त्यावरून मराठीचा अक्षरवेग काढणे आणि तो फुकट वापरता येईल अशा साध्या चौकटीत बसवणे हा एका सत्राचा प्रकल्प आहे. यंदा कुणीतरी तो घ्यावा.